सोळा नंबरचा दिवा

मी लिहावं असं माझं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. मंद्रूपच्या आमच्या घरात लिहिलेला कागद म्हणजे लाइटबिल किंवा लग्नपत्रिका. तेव्हा आपण एखाद्या माणसावर लेख लिहायचा आणि तो परक्या लोकांनी वाचायचा, हा मला आगाऊपणाच वाटतो. चुकलं तर माफ करा. पण दासरीमामांबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि त्यांच्या बाबतीत जी चूक झाली ती माझ्या हातून झाली. दुसऱ्या कुणाला ती नीट सांगता येणार नाही.

मामांची ओळख करून द्यायची तर त्यांच्या डाव्या हातापासून सुरुवात करावी लागेल.

शहरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, साड्यांच्या एका दुकानावर तिसऱ्या मजल्यावर, आमच्या केबलचं ऑफिस आहे. तिथं एका खोलीत भिंतभर छोटे टीव्ही लावलेत. पंधरा. मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, उर्दू, भजनाचा, बातम्यांचा, असे पंधरा चॅनेल. आवाज सगळ्यांचा बंद. नाहीतर माणूस वेडा होईल. प्रत्येक टीव्हीच्या कडेला एक हिरवी पट्टी असते, ती आतल्या आवाजाबरोबर वरखाली होते. एखाद्या चॅनेलचा आवाज सलग दहा सेकंद गेला की टेबलावरच्या पॅनेलवर त्याचा लाल दिवा लागतो आणि घंटा वाजते. मग आपण बघायचं, की डिश बिघडली, वायर सुटली, की मूळ चॅनेलवालेच झोपलेत. सकाळचं कॉलेज करून दुपारी एक ते रात्री आठ मी हेच काम करतो. आईनं एकदा विचारलं होतं, "करतोस काय तितं?" मी म्हणालो, "टीव्ही बघतो." ती म्हणाली, "आवाज तरी येतो का?" मी म्हणालो, "नाही." माझ्या शिक्षणावरचा तिचा विश्वास त्या दिवशी थोडा हलला असावा.

तर मामांचा हात. मामा भिंतीकडे पाठ करून डबा खात असायचे. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. अचानक त्यांचा डावा हात वर जायचा, रस्त्यावरची गाडी थांबवावी तसा. "तुटला," ते म्हणायचे. मी भिंतीकडे बघायचो. पंधराच्या पंधरा तोंडं हलत असायची. बातम्यांची बाई बोलतेय, सासू सुनेला बोलतेय, बुवा बोलतायत. मग घंटा वाजायची. दिवा लागायचा. आणि हलणाऱ्या त्या तोंडांपैकी एक तोंड खरंच मुकं झालेलं असायचं.

जी खोली आधीच गप्प आहे तिच्यात कुणीतरी गप्प झालं, हे पाठमोऱ्या माणसाला कसं कळावं? पहिले काही दिवस मला त्या खोलीत मामांबरोबर एकटं बसायची भीती वाटायची. हे खरं आहे, म्हणून लिहितो.

मी विचारलं तर म्हणाले, "आमच्या घरात बारा माग होते की. बारा चालू असताना एक थांबला, तर आमची अम्मा आतून भाकरी थापता थापता वरडायची, 'चौथ्याचा धागा तुटला रे!' तसंच हाय हे."

मला ते पटलं नाही. मागाला निदान आवाज तरी असतो.

मामांचं पूर्ण नाव मल्लेशम दासरी. वय साठीच्या आसपास, अंगानं काडीसारखे, कानांवर केस. घरचे माग गेल्यावर ते रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकले आणि मग केबलमध्ये आले. ते लाल दिव्यांचं पॅनेल त्यांनी स्वतः बांधलेलं. आमचे मालक रफिकशेठ सांगतात, की बाहेर याहून भारी यंत्रं मिळतात, पण मामांनी एकदा ते यंत्र बघितलं आणि विचारलं, "ह्याला बुवा कळतो का?" शेठनी नाद सोडला.

हा बुवा म्हणजे भजनाच्या चॅनेलवरचा एक कीर्तनकार. त्याला मध्येच डोळे मिटून थांबायची सवय. लोकांना वाटायचं समाधी लागली. आमच्याकडे घंटा वाजायची. मामांनी त्या चॅनेलला फोन करून सांगितलं होतं, "बुवांना म्हणावं ध्यान लावा, पण अधूनमधून खोकत चला."

मामांना शांतता सहन व्हायची नाही, मग ती कुणाचीही असो. न्हाणीघरात गेले तरी आतून गुणगुणायचे, म्हणजे बाहेरच्याला कळावं की माणूस चालू आहे. मला ते नावानं हाक मारत नसत. 'कॉलेज' म्हणायचे. आणि माझी बोलायची पद्धत अशी, की मी अर्ध्यात अडकतो. आता काय म्हणावं, हे बरोबर होईल का, असा विचार करत थांबतो. मी थांबलो की मामा बोटानं टेबल वाजवायचे. टक्, टक्, टक्. "बोल की नायना. धागा तुटला." त्यांच्या तेलुगूत नायना म्हणजे बाळा. तोंडी परीक्षेच्या आधी त्यांनी मला आठवडाभर रोज टेबल वाजवून तयार केलं. परीक्षेत सरांनी प्रश्न विचारला आणि माझ्या डोक्यात टक्टक् सुरू झाली. मी न थांबता बोलत राहिलो. उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं होतं, पण सर म्हणाले, आत्मविश्वास चांगला आहे.

त्यांच्या कामाचा एकच नियम होता. लागलेला दिवा आवाज परत आला तरी आपोआप विझत नाही. खालचं पिवळं बटण दाबावं लागतं, आणि ते दाबलं की सगळेच दिवे एकदम विझतात. म्हणून बटण दाबायच्या आधी कुठले दिवे लागलेत ते वहीत लिहायचं. तारीख, वेळ, चॅनेल, कारण. "आधी लिही, मग दाब," हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकायचो. कारणाच्या रकान्यात मामा मनाला येईल ते लिहीत. 'बुवा.' 'बाईला पुढचं पान सापडेना.' 'नट संवाद विसरला, बाकीचे बघत बसले.'

एकदा कुठल्या तरी दुःखद बातमीनंतर सगळ्या चॅनेलांनी एकाच वेळी दोन मिनिटं स्तब्धता पाळली. पंधरा पडद्यांवर माना खाली घातलेली माणसं, खोलीत पंधरा लाल दिवे आणि कानठळ्या बसवणारी घंटा. मामा सावधानमध्ये उभे. रफिकशेठ जिन्यावरून धावत आले. "मामा, वो घंटी बंद करो ना! लोगां मातम कर रैं!"

"आधी लिहितो," मामा म्हणाले, आणि त्यांनी शांतपणे पंधरा ओळी लिहिल्या. कारणाच्या रकान्यात पंधरा वेळा 'आदर'.

पॅनेलवर दिवे मात्र सोळा होते.

सोळाव्याला चॅनेल नव्हता. भिंतीवर त्याच्या जागी काळा पडदा होता, कधीच चित्र न येणारा, आणि कडेला हिरवी पट्टी. पट्टी जवळजवळ तळाशी असायची, पण मेलेली नव्हती. बारकाईनं बघितलं तर थरथरायची. दुसऱ्या आठवड्यात मामा चहाला खाली गेले होते, तेव्हा मी हेडफोन लावला आणि सोळा नंबरचं बटण फिरवलं.

आधी वाटलं काहीच नाही. मग घड्याळाची टिकटिक आली. खूप लांबून, जमिनीखालून आल्यासारखी, यंत्रमागांची धडधड. एक थेंब पडला. बराच वेळ काही नाही, मग दुसरा. हे काय आहे ते कळत नव्हतं, पण ती कुणीतरी नसलेली जागा आहे हे कळत होतं. बंद खोलीला स्वतःचा एक आवाज असतो, तो आपण आत असताना ऐकू येत नाही. मी ऐकत राहिलो. आता कुणीतरी खाकरेल असं वाटायला लागलं. आणि तिकडून कुणीतरी माझंही ऐकतंय असं वाटायला लागलं, म्हणून मी श्वास धरून बसलो.

खांद्यावर हात पडला. मी किंचाळलो.

"घर हाय माझं," मामा म्हणाले.

पुढची हकिकत त्यांनी मला एकदम सांगितली नाही, महिनाभरात तुकड्यातुकड्यानं सांगितली. मी ती सलग लिहितो.

मामांची बायको पद्मा मुलगा शाळेत असतानाच वारली. मुलगा श्रीनिवास, म्हणजे श्रीनू. बापलेक दोघंच. मामांनी त्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला घातलं. पहिल्या वर्षी त्यानं प्रॅक्टिकलला एक माइक बनवला, तो मामांनी पेठेत सगळ्यांना दाखवून आणला. शेवटच्या वर्षी श्रीनूनं घरी न सांगता डिप्लोमा सोडला आणि मालट्रकवर जायला लागला. मामांना कळलं त्या दिवसापासून ते त्याच्याशी बोलले नाहीत.

"किती दिवस?" मी विचारलं.

"आठ महिने."

"एकाच घरात?"

"जेवायला वाढायचो. पाणी तापवून द्यायचो. ताप आला तवा डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. बोललो न्हाय." मग म्हणाले, "तो बोलायचा. 'अप्पा, बोला की' म्हणायचा. मी टीव्हीकडं बघायचो."

एका सकाळी श्रीनू गेला. फोन नंबर बदलला. त्याला अडीच वर्षं झाली होती. पण जाताना तो दाराची दुसरी किल्ली घेऊन गेला, आणि मामांचं सगळं जगणं त्या किल्लीवर चाललं होतं. "परत यायचं नसतं तर किल्ली कशाला नेली असती?" हे ते मला विचारायचे, रफिकशेठना विचारायचे, चहावाल्याला विचारायचे. सगळे म्हणायचे, बरोबर आहे मामा.

तो येईल तर नेमका आपण कामावर असताना येईल, आणि दारातून परत जाईल, अशी त्यांना भीती. म्हणून त्यांनी श्रीनूनं बनवलेला तो माइक घरात दाराच्या वर, फळीवर ठेवला. तिथून केबलची काळी वायर चार गल्ल्यांच्या गच्च्यांवरून आणून आमच्या खिडकीतून आत घेतली. डिशशी तिचा काही संबंध नव्हता. त्या वायरवर लोक मिरच्या आणि सांडग्यांची फडकी वाळत घालायचे. आणि पॅनेलवर त्यांनी सोळावा दिवा उलटा जोडला. पंधरा दिवे आवाज गेला की लागतात. सोळावा आवाज आला की लागतो.

मी विचारलं, "फोन का नाही करत तो?"

मामांनी बराच वेळ बॅटरीचे सेल पुसले. "केला असता तर मी उचलून गप बसलो असतो. हे त्याला ठाव हाय."

सोळावा दिवा महिन्यातून दोनतीनदा लागायचा. लागला की मामा एक चप्पल पायात, एक हातात घेऊन जिना उतरायचे. सात मिनिटं जायला, सात यायला. परत आले की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो नाही, वहीकडे बघायचो. 'मांजर.' 'अक्काचा कुकर, चार शिट्ट्या.' अक्का म्हणजे त्यांच्या शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर. एकदा पट्टी ठरावीक लयीत वरखाली होऊ लागली, जणू कुणी झोपलेला माणूस श्वास घेतोय. मी हेडफोन लावला. खरंच श्वास होता, माइकच्या अगदी जवळ. मामा पळाले. परत येऊन त्यांनी लिहिलं, 'मांजर, माइकवर झोपले.' मी हसलो. तेही हसले. पण ते पळाले तेव्हाचा त्यांचा चेहरा मला आठवत होता, म्हणून माझं हसणं लवकर संपलं.

आता ती चूक.

मे महिना होता. दुपारचे साडेतीन. रस्त्यावर माणूस नाही. मामा भिंतीकडे पाठ करून एक जुना रिमोट उघडून बसले होते. त्यांचे दोन्ही हात वर गेले. दोन्ही हात वर गेलेले मी कधी बघितले नव्हते.

"सगळे," ते म्हणाले.

पंधरा पडदे एकदम निळे झाले. वर गच्चीवर धप्प धप्प आवाज. वानरांची टोळी आली होती आणि त्यातल्या एकानं डिशांच्या वायरींचा जुडगा ओढून काढला होता. मामा काठी घेऊन वर पळाले. घंटा सुरू झाली. पाठोपाठ तक्रारीचा फोन सुरू झाला. एक ठेवला की दुसरा. सिरियल गेली, मॅच गेली, आजोबांचं प्रवचन गेलं. खालून रफिकशेठ ओरडत होते, "अरे घंटी तो बंद कर रे, कस्टमर का आवाज नै आरा मेरेकू!" वरून मामा कुणाला तरी तेलुगूत शिव्या देत होते, बहुतेक वानराला. पॅनेलवर सगळे दिवे लाल. मी वही ओढली, पेन सापडेना, फोन वाजत होता, आणि मी पिवळं बटण दाबलं.

न लिहिता दाबलं. दिवे विझले, घंटा थांबली. वायरी अजून निघालेल्याच होत्या, त्यामुळे दहा सेकंदांनी सगळे दिवे पुन्हा लागले, मी पुन्हा दाबलं. असं किती वेळा केलं आठवत नाही. पाऊण तासानं मामा खाली आले, हात खरचटलेले, शर्ट फाटलेला. पडद्यांवर माणसं परत आली होती. मामांनी पॅनेलकडे बघितलं. एकही दिवा नव्हता. "लिहिलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सगळेच होते मामा. काय लिहायचं?" ते दमले होते. खरचटलेले हात धुवायला गेले.

संध्याकाळी आठला सुटलो. मंद्रूपच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. हत्तूर गेल्यावर कंडक्टरनं आतले दिवे लावले आणि मला ते पॅनेल डोळ्यांपुढं दिसलं. चार ओळी, प्रत्येकीत चार लाल दिवे. एकही जागा काळी नव्हती.

सोळा.

डिश बंद पडल्या तर पंधरा लागायला हवेत. सोळावा डिशवर नव्हता. सोळावा आवाज आल्यावर लागतो. आणि मी तो विझवला होता. तो पुन्हा लागला होता, मी पुन्हा विझवला होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी सकाळीच ऑफिसात गेलो आणि मामांना सांगितलं. मी मध्ये थांबलो तरी त्यांनी टेबल वाजवलं नाही.

"सोळा लागला होता?"

"हो मामा."

"पक्कं?"

"हो."

"किती वेळ?"

"माहीत नाही. मी... मी दाबत होतो."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते घरी जाऊन आले. काहीच हललेलं नव्हतं म्हणाले. भांडी जागेवर, कुलूप जागेवर. "मांजर असंल," ते म्हणाले. पण वहीत लिहिलं नाही. शेजारी विचारावं तर अक्का पहाटेच लेकीच्या बाळंतपणाला मंगळवेढ्याला गेलेली.

त्यानंतरचे बारा दिवस मला सांगायला नको वाटतात. मामा यायचे, बसायचे, हेडफोन लावायचे. फक्त सोळा नंबर ऐकायचे. बातम्यांची बाई मुकी व्हायची, घंटा वाजायची, आणि मामा दचकायचे. ते! घंटा त्यांच्याआधी वाजायला लागली. डावा हात मांडीवर पडून असायचा. न्हाणीघरातून आवाज यायचा नाही, म्हणून मी बाहेर उभा राहून "मामा?" म्हणायचो, आणि आतून उशिरानं "हाय" यायचं.

बाराव्या दिवशी दुपारी अक्का जिना चढून आली. हातात कडक भाकरीचं गाठोडं, मंगळवेढ्याच्या ज्वारीची. दारातूनच तिनं सुरुवात केली. "तुमची केबल काय कामाची हाय व मामा? आले तर टीव्ही नुसता मुका. नातू झाला म्हणून सांगायला आले, आन हितं सिरियल बुडली." मग खुर्चीत बसून पदरानं वारा घेत म्हणाली, "व्हय, आन श्रीनू गेला का लगेच? राहिला न्हाय?"

मामांनी हेडफोन काढला.

"काय म्हनलीस?"

"श्रीनू की. मी जायच्या आदल्या दिवशी आलता. दुपारी."

"तू बघितलास?"

"बघायला कशाला पायजे? भिंतीतनं ऐकलं. अर्धा तास बोलत होता तुमच्यासंगट."

मीच विचारलं, "अक्का, मामा तर इथं होते. गच्चीवर."

अक्काचा पदर थांबला. "काय सांगतोस? अरे, समोर माणूस असल्यागत बोलत होता तो. 'अप्पा, माइक बघितला मी. माझाच हाय की,' म्हणाला. हसला पण. मग बोलायचा, थांबायचा. बोलायचा, थांबायचा. मला वाटलं हे समोर बसलेत आन गप हायत. नेहमीसारखे."

श्रीनूनं माइक ओळखला होता. आपला बाप चार गल्ल्या पलीकडे ऐकत बसलाय, हे त्याला दारात पाऊल टाकताच कळलं होतं. आणि त्या रिकाम्या घरात फळीकडे बघून तो अर्धा तास बोलला. मध्ये थांबून त्यानं वाट बघितली, की ऐकून अप्पा पळत येतील. सात मिनिटांचा रस्ता. तो बोलत होता आणि इथं दिवा लागत होता, आणि मी विझवत होतो.

"काय बोलला?" मामांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"सगळं कुटं ऐकू येतंय व? कुकर लावलता. विजापूरला असतो म्हणाला. स्टँडच्या मागं, टायरच्या दुकानावर खोली हाय. लगीन केलंय. आन पोरगी झालीय, तिचं नाव अम्माचं ठेवलंय म्हणाला, पद्मा. मग 'बोला की अप्पा' म्हणाला. तीनचारदा म्हणाला. मग म्हणाला, 'बरं. ऐकलंसा तेवढं बास.' आन कुलूप लावल्याचा आवाज आला."

भिंतीवर पंधरा माणसं बोलत होती. मामा त्यांच्याकडे बघत होते. मग ते उठले, दोन्ही चपला नीट पायात घातल्या आणि खाली रफिकशेठकडे गेले. मला जिन्यातून ऐकू आलं.

"शेठ, सुट्टी पायजे."

"तुमकू? छुट्टी?" शेठ खुर्चीतून उठल्याचा आवाज आला. "क्या हुआ मामा? तबियत?"

"विजापूरला जातो."

"कब आते?"

मामांनी काय सांगितलं ते कळलं नाही. मी खिडकीतून बघितलं तर ते रिक्षा न करता स्टँडकडे पळत होते. विजापूरची गाडी आमच्याच गावावरून जाते. त्या रात्री मी मंद्रूपच्या फाट्यावर उगाचच थोडा वेळ उभा राहिलो.

मामांशिवाय पॅनेल मी सांभाळलं. सगळं लिहून मगच दाबलं. तीन दिवस काही कळलं नाही. श्रीनूनं दार उघडलं असेल का? आणि उघडलं तर मामा बोलले असतील का, की दारातही गप्प उभे राहिले असतील? ह्या दोन विचारांत माझं जेवण जाईना. अक्का रोज विचारायला यायची. रफिकशेठही काही तरी निमित्त काढून वर येऊन जायचे.

चौथ्या दिवशी दुपारी तक्रारीचा फोन वाजला. मी उचलला आणि ठरलेलं वाक्य म्हणालो, "नमस्कार, कुठला चॅनेल गेलाय?"

पलीकडे एक तान्हं बाळ जीव तोडून रडत होतं. कुणीतरी बाई कन्नडमध्ये त्याला समजावत होती. मग मामांचा आवाज आला, मोठ्यानं, बाळाच्या वर आवाज काढून.

"कॉलेज, शेठना सांग. श्रीनू गाडी घेऊन बाहेर गेलाय, हुबळीकडं. गुरुवारी येतो म्हणत्यात. सून लई चांगली हाय, पर तिला मराठी येत न्हाय आन मला कन्नड. तरी सकाळपासून मीच बोलतोय. गुरुवारपर्यंत मी हितंच हाय."